विश्लेषण : घडीचा पलंग घरी बनवता येतो का? त्याचे वजन नेमके पेलते कोण?

भिंतीला मिटणारा पलंग बनवण्याचे व्हिडीओ मोबाइलवर शोधावे तितके सापडतात. दोन मिनिटांत प्लाय कापला जातो, बिजागऱ्या बसतात, कुणीतरी एका हाताने पलंग वर ढकलतो आणि खोली रिकामी होते. त्या दोन मिनिटांत एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे पलंगामागची भिंत.

डोंबिवलीच्या आमच्या वन रूम किचनमध्ये आजीसाठी असा पलंग बनवला. गुडघ्यांमुळे तिला जमिनीवरच्या गादीवरून उठणे अशक्य झाले होते आणि हॉलमध्ये कायमचा पलंग ठेवला असता तर जेवायला बसायची जागाच उरली नसती. आठव्या दिवशी सकाळी पलंग वर उचलताना तो भिंतीसकट निसटला. म्हणजे भिंत जागेवरच राहिली; स्क्रू, प्लग आणि ओंजळभर गिलावा बाहेर आला. आजी हातभर अंतरावर खुर्चीत चहा घेत होती. पलंग तिच्या बाजूला न पडता माझ्या बाजूला पडला, इतकेच.

आता घरात दुसरा पलंग आहे. पहिला का पडला आणि दुसरा का उभा आहे, यातला फरक समजला तर बाकीचे काम एखाद्या चांगल्या फॅब्रिकेटरकडून आणि सुताराकडून दोन-तीन सुट्यांत होऊ शकते.

जागा किती वाचते?

मुंबईतल्या बीडीडी चाळींमधली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांचे घर मिळते, पण शहरात आणि उपनगरांत असंख्य कुटुंबे आजही या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी राहतात. सहा बाय तीन फुटांचा एकेरी पलंग १८ चौरस फूट जागा घेतो. १६० फुटांच्या खोलीत हा नववा हिस्सा झाला. पलंगापुढची येण्या-जाण्याची वाट वेगळीच.

हाच पलंग लांब बाजूने भिंतीला मिटवला तर गादीसह त्याची जाडी आठ इंचांच्या आसपास राहते, म्हणजे चार चौरस फूट. वाचलेल्या १४ चौरस फुटांत तीन-चार पाने मांडता येतात. आमच्या घरी नेमका हाच हिशेब होता.

लोखंडी फोल्डिंग कॉट का नको, हा प्रश्न रास्त आहे. पाहुण्यांसाठी तीच बरी आणि स्वस्तही. रोज झोपणाऱ्या वयस्कर माणसाला मात्र मध्ये झोळ पडलेल्या कॉटवरून उठणे जड जाते, आणि दिवसा ती कॉट उभी कुठे करायची हा प्रश्न राहतोच.

ही कल्पना कुणाची?

इंग्रजीत अशा पलंगाला ‘मर्फी बेड’ म्हणतात. विल्यम मर्फी हे सॅन फ्रान्सिस्कोतले गृहस्थ. एका खोलीच्या घरात राहत असताना त्यांनी मिटणारा पलंग बनवला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची पेटंट घेतली. हे नाव पुढे इतके रुळले, की १९८९ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने ‘मर्फी बेड’ हे आता एका कंपनीचे नाव राहिले नसून त्या वस्तूचेच नाव झाले आहे, असा निकाल दिला. मर्फी यांच्याही आधी, १८८५ मध्ये शिकागोच्या सारा गुड यांनी मिटल्यावर लिहिण्याचे टेबल होणाऱ्या पलंगाचे पेटंट मिळवले होते. अमेरिकेत पेटंट मिळवणाऱ्या पहिल्या काही कृष्णवर्णीय महिलांपैकी त्या एक.

आपल्याला मात्र याहून जवळचे उदाहरण माहीत आहे. रेल्वेच्या स्लीपर डब्यातला मधला बर्थ हा घडीचाच पलंग आहे. दिवसा पाठ टेकायला, रात्री झोपायला. तो ज्या पोलादी सांगाड्याला बसवलेला असतो, त्याच सांगाड्याकडे लक्ष देऊन पाहा. आमची पहिली चूक तिथेच झाली होती.

पहिला पलंग का पडला?

तो पूर्ण १९ मिलिमीटर प्लायचा होता. खाली फळी, चारही बाजूंना सहा इंचांची पट्टी, वरून सनमायका. वजन ३५ किलोच्या आसपास. त्यावर चार इंची काथ्याची गादी, आणखी १६ किलो. एकूण ५१. भिंतीला एक प्लायची लांब पेटी स्क्रूने ठोकली आणि तिच्या पुढच्या कडेला पलंगाच्या बिजागऱ्या लावल्या. पेटी लागतेच, कारण पलंग मिटल्यावर गादी भिंत आणि फळी यांच्यामध्ये येते. बिजागरी थेट भिंतीला लावली तर गादी जाणार कुठे? म्हणून आमच्या बिजागऱ्या भिंतीपासून १२ सेंटिमीटर पुढे होत्या.

सगळी गडबड या १२ सेंटिमीटरमध्ये आहे. पलंग आडवा असताना त्याचे निम्मे वजन बाहेरच्या पायांवर आणि निम्मे बिजागऱ्यांवर येते. ५१ किलोचा पलंग आणि ६० किलोचा माणूस धरला तर बिजागऱ्यांवर सुमारे ५५ किलो. हे वजन भिंतीपासून १२ सेंटिमीटर बाहेर लटकते, त्यामुळे पेटी खालच्या कडेवर टेकून वरून बाहेर उलटू पाहते. आमच्या पेटीत वरचे स्क्रू खालच्या कडेपासून साधारण १२ सेंटिमीटरवरच होते. म्हणजे खाली जेवढे वजन, जवळपास तेवढीच ओढ वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर काढणारी. दोघे जण भिंतीच्या बाजूला टेकून टीव्ही बघत बसले, की ही ओढ दीडशे किलोच्या वर जाते. वरच्या ओळीत स्क्रू होते चार.

इंजिनीअरिंगच्या पहिल्याच वर्षी शिकवतात ते हे गणित. पेपरात सोडवलेही होते. सुतारकाकांनी तर स्पष्ट विचारले होते, ‘भिंत कसली आहे?’ मी म्हटले, ‘विटेचीच असेल, काका.’ आणि भोके मीच पाडली.

भिंत विटेची नव्हती. हॉल आणि शेजारच्या फ्लॅटमधली ती चार इंची सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या एएसी ब्लॉकची भिंत होती. आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला हा ब्लॉक उष्णता अडवतो, इमारतीचे वजन कमी करतो, पण छोट्या प्लास्टिकच्या प्लगला धरून ठेवण्याची ताकद त्यात कमी. रोजच्या उचल-ठेवीच्या हिसक्यांनी भोक आतून रुंदावत जाते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

हा धोका फक्त घरगुती कामात असतो असेही नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत एका कॅनेडियन कंपनीचे सुमारे १ लाख २९ हजार भिंत-पलंग परत मागवावे लागले. पलंग भिंतीपासून सुटून अंगावर पडण्याचा धोका, हेच कारण. एका महिलेचा मृत्यू आणि ६० जण जखमी झाल्याची नोंद त्या वेळी करण्यात आली होती.

आपली भिंत कोणती, हे कसे ओळखायचे?

ड्रिलमधून पडणारी भुकटी सांगते. गिलावा संपल्यावर लाल भुकटी आली तर वीट. पांढरट-राखाडी, पिठासारखी मऊ भुकटी आणि ड्रिल लोण्यात जावे तसे आत गेले तर सिपोरेक्स. ड्रिल अडखळले, आवाज चढला आणि भुकटी करडी असली तर काँक्रीट. तो बहुधा कॉलम किंवा बीम असतो. कॉलममध्ये वरवरचे भोक पाडताना सळई लागली तर जोर न करता जागा बदला. बाथरूमला लागून असलेली भिंत आणि स्विचबोर्डाच्या सरळ वरची-खालची रेषा टाळायचीच. आत पाइप आणि वायर असतात.

काँक्रीटमध्ये धातूचा अँकर बोल्ट उत्तम बसतो. तोच सिपोरेक्समध्ये फुगवला तर ब्लॉक आतून फोडतो. तिथे किमान १०० मिलिमीटर लांबीचे नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर लागतात, आणि भोक पाडताना ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा लागतो. चार इंची भिंतीत एवढे लांब भोक पलीकडे निघू शकते. पलीकडे शेजाऱ्यांचा हॉल असेल तर आधी त्यांच्याशी बोला.

मग दुसऱ्या पलंगात काय बदलले?

वजन भिंतीकडून काढून जमिनीला दिले. एवढाच बदल, पण सगळे त्यातच आले.

भिंतीला लागून एक अरुंद लोखंडी बाकडे बनवून घेतले: सहा फूट लांब, सहा इंच रुंद, एक फूट उंच. पुढे तीन आखूड पाय, मागे तीन खांब. खांब मात्र चार फुटांपर्यंत वर गेलेले. हे सगळे ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचे, जाडी दोन मिलिमीटर. पलंग या बाकड्याच्या पुढच्या कडेला वेल्ड केलेल्या तीन जाड बिजागऱ्यांवर फिरतो. झोपणाऱ्याचे वजन पुढच्या आखूड पायांतून सरळ लादीवर उतरते. मागचे खांब भिंतीला चार ठिकाणी बोल्टने धरले आहेत, पण त्यांचे काम फक्त तोल सांभाळण्याचे. पलंग मिटलेला असताना त्याचे वजन बाकड्याच्या वरच असते, त्यामुळे भिंतीवर जवळपास काहीच येत नाही. पलंग खाली करताना सगळ्यात जास्त ओढ येते, तीही चार बोल्टवर मिळून दहाएक किलोची. सिपोरेक्स एवढे सहज पेलते.

बाकड्यावर एक फळी टाकली की उशाशी सहा इंचांचे कप्पेवजा फडताळ मिळते. आजीचा चष्मा, पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची डबी तिथे असते. ही फळी नसेल तर रात्री उशी हमखास त्या फटीत जाते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठीही हा प्रकार बरा. जाताना चार बोल्ट सोडायचे आणि भोके बुजवायची.

पलंगाची चौकट २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपची, आडव्या तीन पट्ट्यांसह, सुमारे १२ किलो. वर १२ मिलिमीटरचा प्लाय, १३ किलो. चार इंची फोमची गादी, सहा किलो. बेरीज ३१, पहिल्यापेक्षा २० किलो कमी. मजबुतीसाठी जाड प्लाय हवाच, असा आग्रह बऱ्याच सुतारांचा असतो. खाली पाइपची चौकट असेल तर जाड प्लाय फक्त वजन वाढवतो. मात्र प्लाय घेताना ‘आयएस ३०३’मधला साधा एमआर दर्जा टाळून बीडब्ल्यूआर किंवा ‘आयएस ७१०’चा मरीन प्लाय घ्या. आपल्याकडचा पावसाळा हे त्याचे कारण. आठ बाय चारच्या एका शीटमध्ये काम होते. फॅब्रिकेटर किलोवर दर सांगतो. बाकडे आणि चौकट मिळून लोखंड ४० किलोच्या आत बसते, हे माहीत असले की बिल तपासता येते.

हायड्रॉलिक किती ताकदीचा घ्यायचा?

दुकानात ज्याला सरसकट ‘हायड्रॉलिक’ म्हणतात तो गॅस भरलेला दांडा असतो. त्यावर ५०० एन, १००० एन असे आकडे छापलेले असतात. एन म्हणजे न्यूटन. सुमारे दहा न्यूटन म्हणजे एक किलोची ताकद. दुकानदार हमखास जास्त आकड्याचा पुढे करतो. ‘पलंगाचा आहे ना? मग हजारचा न्या.’ इथेच फसायला होते.

आधी वजनकाटा वापरा. गादीसह पलंग आडवा धरा आणि बाहेरची कड बाथरूममधल्या वजनकाट्यावर टेकवा. आमच्याकडे आकडा आला साडेपंधरा, म्हणजे एकूण वजनाच्या निम्मा. उचलताना हातावर येणारे वजन हेच. साडेपंधरा किलो म्हणजे भरलेली पाण्याची बादली. धडधाकट माणसाला हायड्रॉलिकशिवायही जमते, पण हातातून सुटले तर ते खाली कुणाच्या तरी पायावर येते.

आता गणित. साडेपंधरा किलो म्हणजे १५२ न्यूटन. पलंगाची रुंदी ०.९१४ मीटर. गुणाकार १३९. हायड्रॉलिकच्या दांड्याची सरळ रेष बिजागरीपासून १५ सेंटिमीटर अंतरावरून जाते, असे धरू. १३९ भागिले ०.१५ म्हणजे सुमारे ९२६. दोन बाजूंना दोन दांडे, म्हणजे प्रत्येकी ४६३ न्यूटन झाले की पलंग अधांतरी तरंगेल. आम्ही थोडे कमी, ४०० चे दोन घेतले. आता कडेला हातावर जेमतेम दोन किलो येतात आणि पलंग आडवा असताना आडवाच राहतो.

दुकानदाराचे ऐकून हजारचे दोन लावले असते तर? माणूस उठताक्षणी पलंगाची बाहेरची कड सुमारे १८ किलोच्या जोराने वर उसळली असती. आजी उठून बसते, पाय खाली सोडते, हाताने कड धरून उभी राहते. त्या क्षणी पलंगाने वर उसळावे? लहान मुले असलेल्या घरात तर हा विचार आधी करायला हवा. गादी बदलली की गणितही बदलते; फोमच्या जागी काथ्याची गादी आणली तर वजनकाटा पुन्हा काढायचा.

पाय आणि कडी

बाहेरच्या बाजूचा पाय यू आकाराचा, एकसंध पाइपचा आणि बिजागरीवर झुलणारा ठेवला. पलंग उभा असताना तो फळीला चिकटून लोंबतो, पलंग खाली येताना आपोआप सरळ होतो. पण नुसता सरळ पाय पुरत नाही. लादी पुसताना बसलेल्या एका धक्क्याने तो आत दुमडू शकतो. म्हणून तो उभ्या रेषेच्या किंचित बाहेर जाऊन अडेल अशी पट्टी वेल्ड करून घ्या. मग वजन पडेल तसा तो अडणीवर आणखी घट्ट बसतो.

पलंग वर अडकवायला दोन टोकांना दोन कड्या हव्यात. एक नव्हे, दोन. जून २०२४ मध्ये केरळहून दिल्लीकडे निघालेल्या गाडीत वरचा बर्थ खालच्या प्रवाशावर कोसळून त्याचा मृत्यू झाला. साखळी नीट अडकवलेली नव्हती, असे रेल्वेने सांगितले होते. आमच्या घरी कड्यांचा ‘खट्’ असा आवाज दोनदा ऐकू आल्याशिवाय कुणी हात काढत नाही.

पावसाळा आणि ढेकूण

हे दोन विषय परदेशी व्हिडीओंत नसतात. रात्रभरच्या घामाची ओल घेऊन गादी सकाळी लगेच भिंत आणि फळीच्या मध्ये कोंडली, की जुलै-ऑगस्टमध्ये तिच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. प्लायला बोटभर रुंदीची पंधरा-वीस भोके पाडून घ्यावीत आणि उठल्यावर अर्धा तास तरी पलंग उघडा ठेवावा. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला हा पलंग लावूच नये.

ढेकणांना पोकळ पाइपइतकी आवडती जागा दुसरी नसेल. फॅब्रिकेटर पाइपची टोके उघडीच सोडतो. ती वेल्ड करून किंवा रबरी टोप्या घालून बंद करायला लावा, तीही रंग देण्याआधी. पलंग घरी आल्यावर हे करणे जिकिरीचे होते.

पहिल्या महिन्यात बोल्ट दर आठवड्याला पान्याने तपासले. दोन थोडे सैल निघाले, नंतर नाहीत. आजीला अर्ध्या तासाचा नियम फारच पटला आहे. सकाळी सातला उठली तरी पलंग साडेदहापर्यंत उघडाच असतो. विचारले तर म्हणते, ‘तूच म्हणालास ना, हवा लागू दे.’ जेवणाची पाने मांडायची वेळ झाली, की आई येऊन तो एका हाताने मिटवते.